खूण दोघांनाही दिसली होती

आमच्या बायका सख्ख्या बहिणी. माझी थोरली, त्याची धाकटी. म्हणजे तो माझा साडू, आणि आठ वर्षं माझा भागीदारही होता. भागीदारी मोडून चार वर्षं झाली. नातं तसं मोडता येत नाही. गणपतीला त्याच्या घरी माझं पान असायचं, माझ्या मुलीच्या वाढदिवसाला तो केक कापायच्या वेळी मागच्या रांगेत उभा असायचा. या चार वर्षांत मी त्याला गाडी दिली, त्याच्या मुलाला शाळेतून आणलं, पण त्याच्याशी धड एक वाक्य बोललो नाही. चहा घेणार का, घेतो, एवढंच.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर त्याने दुबई सोडून कायमचं पुण्याला जायचं ठरवलं. वडील थकले होते, मुलाची दहावी झाली होती. व्हिसा रद्द करायची तारीख ठरली, घरातलं सामान विकायला निघालं. तारीख कळली तेव्हा माझ्या डोक्यात पहिला विचार आला तो असा की हा आता न बोलताच निघून जाणार. मला त्याच्या तोंडून एक शब्द ऐकायचा होता. ‘चुकलं.’ एवढाच. त्याच्या निघण्याआधी तो मिळवायचा, असं मी ठरवलं.

कशाबद्दल, ते सांगतो.

माझं शिक्षण दहावी. या देशात मी आलो तो एका गोदामात माल उतरवायला. हॉटेलांची जुनी शेगडी, स्टीलची टेबलं, फ्रीझर, धुराड्याचे पत्रे, हे सगळं उतरवता उतरवता मला त्याचा भाव कळायला लागला, आणि भाव कळल्यावर मी दुसऱ्याचा माल कशाला उतरवू? पुढे दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये माझं स्वतःचं गोदाम झालं. जुनं किचनचं सामान घ्यायचं, दुरुस्त करायचं, कामगारांच्या मेसना आणि हॉटेलांना विकायचं. साडू नंतर आला. डिप्लोमा झालेला, इंग्रजी पत्र लिहिणारा, लॅपटॉप उघडून बसणारा. मला तसा माणूस हवाच होता.

सौद्यात मी जे शिकलो ते एका पठाण भंगारवाल्याकडून. भाव सांगायचा आणि गप्प बसायचं. समोरचा पाणी पिईल, फोन बघेल, छताकडे बघेल. आपण हलायचं नाही. जो आधी तोंड उघडेल तो खाली येतो. साडूला हे मीच शिकवलं. तोवर तो दोन मिनिटं शांतता झाली की घाबरून स्वतःच सवलत देऊन टाकायचा. दुसरं हत्यार माझा राग. तो खरा असतो, पण सगळा नाही. अर्धा खरा, अर्धा दुकानाचा. आवाज चढवला, एखादी वस्तू टेबलावर आपटली की समोरचा हिशेब विसरतो.

तर चार वर्षांपूर्वी अबुधाबीला एका मोठ्या केटरिंग कंपनीकडे आम्ही दोघं गेलो. आमच्या आयुष्यातली तेव्हाची सगळ्यात मोठी ऑर्डर. यादी मी केली होती, प्रत्येक बर्नर मी हाताने तपासला होता. काचेच्या केबिनच्या दारात साडू वळला आणि म्हणाला, “दादा, तुम्ही जरा बाहेर थांबा. मी बोलतो.” आतले दोघं बघत होते. दारातली रिसेप्शनची मुलगी बघत होती. मी बाहेर सोफ्यावर बसलो. दोन तास. त्या मुलीने तीनदा छोट्या कपातून कावा, म्हणजे अरबी कॉफी, आणून दिला. काचेतून मला माझी यादी दिसत होती, त्याच्या हातात.

ऑर्डर मिळाली. येताना गाडीत मी एक शब्द बोललो नाही, आणि महिन्याभरात भागीदारी मोडली. वाटणी स्वच्छ झाली. कुणाचं कुणाकडे काही राहिलं नाही, आणि म्हणूनच राग काढायला मला जागाच राहिली नाही. मी मनाशी धरलं ते असं: मला इंग्रजी येत नाही, म्हणून माझ्याच गोदामातल्या माणसाने मला चपराशासारखं बाहेर बसवलं.

डोंगरावर जायची कल्पना बहिणी-बहिणींची. साडूला गेल्या दोन-तीन वर्षांत ट्रेकिंगचा नाद लागला होता. दर शुक्रवारी एका ग्रुपबरोबर तो रास अल खैमाच्या डोंगरात जायचा. त्याने बुटांना सहाशे दिऱ्हम दिल्याचं ऐकून मी घरात म्हटलं होतं, म्हणजे जवळजवळ चौदा हजार रुपये, एवढ्यात माणूस डोंगर विकत घेईल. तर ठरलं असं की जायच्या आधी चौघांनी माझ्या पिकअपमधून जायचं, एक मुक्काम डोंगराच्या पायथ्याशी करायचा. धंद्याच्या सुरुवातीला आम्ही दोघं तिकडे माल पोचवायला जायचो तेव्हा हॉटेल परवडायचं नाही म्हणून गाडीच्या मागच्या हौद्यात झोपायचो. बायकोने नेमकं तेच काढलं. “अहो, पूर्वी जायचात ना, तसंच.”

आदल्या दिवशी दोघी बहिणी एकदम आजारी पडल्या. एकीचा गुडघा, दुसरीचं डोकं. माझी मुलगी फोनमधून वर न बघता म्हणाली, “डॅड, जस्ट गो. इट्स ऑब्व्हियस.” मला कळलं होतंच. डबे मात्र दोघींनी तयार ठेवले होते, आणि त्यातही हिशेब होता. माझ्या डब्यात नुसत्या दशम्या. त्याच्या डब्यात शेंगदाण्याची चटणी, ठेचा आणि बटाट्याची भाजी. एकाला दुसऱ्याशिवाय जेवता येणार नाही अशी सोय.

दुपारी निघालो. हौद्यातले खोके काढून मी प्लास्टिकच्या क्रेटवर प्लायवूड टाकलं होतं आणि वर दोन गाद्या. वर अ‍ॅल्युमिनियमचं झाकण आहेच. डांबरी रस्ता संपला तिथे उतरून मी चारही चाकांतली हवा कमी केली. पुढे कोरड्या ओढ्यातून गोट्यांवरून जायचं होतं. साडू दाराचं हँडल धरून बसला होता. गाडी मी बरी चालवतो, ते त्यालाही माहीत आहे, पण तो पहिल्यापासून असाच धरून बसतो. दोन्ही बाजूंना उभे कडे. डोंगर मला नवे नाहीत, मी साताऱ्याकडचा आहे. पण आमचे डोंगर वर्षातून चार महिने तरी हिरवे होतात. हे बारा महिने करपलेल्या भाकरीसारखे.

ऊन उतरायच्या आत एका सपाट जागेवर गाडी लावली. जेवलो. दशमी मी पुढे केली, चटणी त्याने. तो म्हणाला ठेचा तिखट झालाय. मी म्हटलं, हो. पुढे बोलायला काही नव्हतं, दोघंही दमलेले, अंधार पडताच आडवे झालो. पूर्वी याच हौद्यात आम्ही अर्धी रात्र बोलत असायचो, गोदाम केवढं घ्यायचं, बोर्ड कसला लावायचा. आता मध्ये पाण्याचा कॅन ठेवून झोपलो.

सकाळी त्याने चहा केला. मी ठरवूनच बसलो होतो. पहिला घोट झाला आणि मी भाव सांगितला.

“अबुधाबीच्या त्या दिवसाबद्दल तू मला कधी काही बोलला नाहीस. जायच्या आधी बोलशील तर बरं.”

आणि मी गप्प बसलो.

त्याने माझ्याकडे बघितलं. मग चहाकडे. मग समोरच्या कड्याकडे, सावकाश, जणू तो पहिल्यांदाच दिसतोय. कप धुतला, पिशवी पाठीला लावली, बुटांच्या नाड्या दोनदा बांधल्या. पण तोंड उघडलं नाही. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे सगळं मी ओळखतो. पाणी पिणं, छताकडे बघणं. माझंच शिकवलेलं तो माझ्यावर वापरत होता.

म्हटलं, ठीक आहे. बघू कोण आधी बोलतो.

वाट चांगली होती, पण चढ सोडत नव्हती. वर डोंगरमाथ्यावर एक ओसाड गाव आहे, दगडी घरांचं आणि पायऱ्यापायऱ्यांच्या शेताचं. पूर्वीचे लोक गाढवांवर सामान लादून याच वाटेने ये-जा करायचे. जिथे चढ फार तिथे त्यांनी दगडी पायऱ्या बसवल्यात. कुठे वाट चुकेल असं वाटलं की तीन दगड एकावर एक रचून ठेवलेले असतात, ती खूण. साडू पुढे, मी मागे. त्याच्या पायात चौदा हजारांचे बूट, माझ्या पायात गोदामातले सेफ्टी शूज, पुढे लोखंडी टोपी असलेले. दहा वर्षं ते घालून मी काँक्रीटवर उभा राहिलोय, म्हटलं डोंगराला काय होतंय. तासाभरात अंगठे बोलायला लागले. मी नाही.

दोन तास झाले. ऊन पाठीवर आलं. माझा श्वास मलाच मोठ्याने ऐकू येत होता. एका वळणावर तो पाणी प्यायला थांबला आणि मी त्याला ओलांडून पुढे गेलो. थोडं वर गेल्यावर वाट फुटत होती. डाव्या हाताला तीन दगडांची खूण होती, अगदी स्पष्ट, वरचा दगड पांढरट. उजवीकडची वाट रुंद होती, पण ती शेळ्यांची, लेंड्या पडलेल्या दिसत होत्या.

मी खूण पाहिली. आणि उजवीकडे वळलो.

हे मी चुकून केलं नाही. माझा हिशेब असा होता: तो इथे आधी येऊन गेलाय. मला चुकीकडे जाताना पाहून तो हाक मारणार, दादा, इकडे. म्हणजे तो आधी बोलला. एकदा तोंड उघडलं की पुढचं मी काढून घेतो.

मागे त्याच्या बुटांचा आवाज दोन क्षण थांबला. मग तोही उजवीकडे आला, माझ्या मागे.

आता मागे फिरायचं म्हणजे मी हरलो. मी चालत राहिलो. तोही चालत राहिला. वाट अरुंद होत गेली, मग वाट राहिलीच नाही, नुसती सुटी खडी. एक पाऊल वर टाकलं की अर्धं खाली. हातांनी धरायला गेलो तर दगड तव्यासारखे. एकदा मी घसरलो आणि गुडघ्यावर आलो. मागून त्याने माझ्या पिशवीचा पट्टा पकडला, मी सावरल्यावर सोडला. तेव्हाही काही बोलला नाही. मीही नाही. तासभर आम्ही दोन शहाणी माणसं एका वाटेवरून वर जात होतो जी कुठेच जात नाही हे दोघांनाही माहीत होतं.

ती संपली ती एका कड्याच्या काठावर. खाली बघवत नव्हतं. समोरच्या डोंगरावर, दरीच्या पलीकडे, ते गाव दिसत होतं. दगडी भिंती, एका घराचं उघडं दार. तिथे जायची वाट आमच्या डाव्या हाताला, फार मागे, खाली राहिली होती.

काठापासून थोडं मागे एक बोरीचं झाड होतं. आपल्याकडची बोर असते तसंच, फक्त पानं धुळीने पांढरी. त्याच्या सावलीत मी बसलो. बूट काढले. डाव्या अंगठ्याच्या नखाखाली रक्त साकळलेलं. अर्धी बाटली पाणी राहिलं होतं, त्याने ती मधोमध ठेवली. दोघांनीही हात लावला नाही.

मला चढल्याचा थकवा होता, पण त्याहून जास्त दुसरा होता. चार वर्षं मनात एक सामान धरून ठेवलं होतं, त्याचा भाव उतरू दिला नव्हता, आणि गिऱ्हाईक एकच होतं, तेही दोन आठवड्यांनी जाणार. मला वाटलं, आता पुरे. कुणी आधी बोललं याने काय व्हायचंय इथे.

“खूण दिसली होती तुला?” मी विचारलं.

“दिसली.”

“मग?”

“तुम्हालाही दिसली होती, दादा. तुम्ही वरच्या दगडाकडे बघून वळलात.” तो हसला नाही, पण हसायच्या बेतात होता. “तुम्हीच शिकवलंय. मी कशाला बोलू?”

मग मी सरळच विचारलं. मला इंग्रजी येत नाही म्हणून त्या दिवशी बाहेर बसवलंस ना. त्या दोन परक्या माणसांसमोर तुला माझी लाज वाटली ना.

तो खरोखर चक्रावला. “इंग्रजी? इंग्रजीचा काय संबंध? तुम्ही सगळे सौदे हिंदीतच केलेत, त्याने आपली एकही ऑर्डर गेली नाही. तुमच्या हिंदीवर तर मी शिकलो.”

“मग का?”

तो गप्प बसला. या वेळची शांतता सौद्यातली नव्हती, मला फरक कळतो. त्याने बाटली उचलली, झाकण उघडलं, परत लावलं.

“मला तुमची भीती वाटायची,” तो म्हणाला.

मग त्याने सांगितलं. त्याच्या आदल्या आठवड्यात शारजात एका पर्चेसवाल्याच्या टेबलावर मी बर्नर आपटला होता. काच तडकली होती. ही गोष्ट मी अजून लोकांना सांगतो, त्या तडकलेल्या काचेवरच त्याने सही केली म्हणून. साडू म्हणाला, त्या वेळी तो माझ्या शेजारी बसला होता आणि टेबलाखाली त्याचे पाय थरथरत होते. अबुधाबीच्या लोकांसमोर मी तेच करीन आणि ते गार्डला बोलावतील, याची त्याला खात्री होती. आदल्या रात्री तो झोपला नव्हता. दारात आल्यावर ते वाक्य तोंडातून निघून गेलं.

“अरे, तो राग अर्धा खोटा असतो. तुला माहीत आहे.”

“माहीत आहे. पण कुठला अर्धा, ते मला कधीच कळलं नाही. आठ वर्षांत.”

हे ऐकल्यावर मला राग आला. खरा, सगळा. आठ वर्षं मी याला धंदा शिकवला, स्वतःच्या ताटातलं दिलं, आणि हा मला घाबरत होता? आणि घाबरत होतास तर चार वर्षांत सांगायला काय झालं होतं? हे मी मोठ्याने बोललो असणार, कारण दरीतून आवाज परत आला. शेजारी पडलेला एक दगड माझ्या हातात होता. कधी उचलला ते मला आठवत नाही. मला कुणाला काही मारायचं नव्हतं, हाताला काहीतरी लागतं मला, तशी सवयच आहे.

साडू माझ्या तोंडाकडे बघत नव्हता. तो त्या दगडाकडे बघत होता. आणि बसल्या बसल्या तो वीतभर मागे सरकला होता. कड्याच्या बाजूला.

मी दगड खाली ठेवला. आपटला नाही, ठेवला. माझ्या हाताची मलाच जरा किळस आली.

मग तोच म्हणाला, सावकाश, “बाहेर थांबा म्हटलं ते चुकीचं होतं असं मला आजही वाटत नाही, दादा. ऑर्डर त्यामुळेच मिळाली. पण गाडीत बसल्यावर मी सांगायला हवं होतं का ते. तेवढं माझ्याकडून राहिलं.”

मी मागितलं होतं ते हे नव्हे. मी ‘चुकलं’ मागितलं होतं, हा ‘राहिलं’ देत होता. दुसऱ्या कुठल्या दिवशी मी उठून गेलो असतो. त्या दिवशी माझ्यात तेवढा दम नव्हता, आणि कुठल्या तोंडाने जास्त मागणार होतो? मी बाटली त्याच्याकडे सरकवली. त्याने दोन घोट घेतले, उरलेलं मला दिलं. गरम, प्लास्टिकच्या वासाचं पाणी.

उतरताना अंगठ्यांचे हाल झाले. खडीवर तो पुढे राहिला, आडवा पाय टाकत, म्हणजे मी घसरलो तर त्याच्यावर अडेन. मी त्याला म्हटलं, अशाने दोघं जाऊ खाली. तो म्हणाला, मग जरा बेताने घसरा. वाट फुटते तिथे आलो तेव्हा ऊन डोक्यावर होतं आणि वरच्या गावाला जायचं नाव कुणी काढलं नाही. साडूने चार-पाच दगड उचलले आणि उजवीकडच्या वाटेवर आडवी ओळ मांडायला लागला. म्हणाला, वाट बंद असली की अशी ओळ टाकतात, मागून येणारे चुकत नाहीत. मीही दोन दगड आणून ठेवले. ठेवताना माझ्या लक्षात आलं की तो माझ्या हातांकडे बघत नाहीये, किंवा बघायचं नाही असं ठरवून बसलाय.

गाडीत तो लगेच झोपला. गोट्यांवरून गाडी आपटत होती तरी झोपला, दाराचं हँडल न धरता. डांबरावर आल्यावर मी चाकांत हवा भरली तेव्हाही उठला नाही. घरी बायकोने डबे घेतले, दोन्ही रिकामे आहेत हे झाकणं उघडून पाहिलं आणि विचारलं, “बोललात?”

“बोललो.”

“मग? खलास ना आता?”

मी म्हटलं, पाय शेकायला गरम पाणी दे.

खलास झालं का, ते मला आजही सांगता येत नाही. सोफ्यावरचे ते दोन तास मला अजून आठवतात. पण आता त्यांच्या मागोमाग टेबलाखालचे साडूचे पायही आठवतात. गोदामात भाव करताना समोरच्याची नजर माझ्या हाताकडे जाते का, ते मी बघतो. जाते. पुष्कळदा जाते. इतकी वर्षं मी ते माझं यश समजत होतो. हल्ली मी हात मांडीवर ठेवून बसतो. भाव पूर्वीसारखा मिळत नाही, हेही खरं.

तो निघाला त्या दिवशी एअरपोर्टला मीच सोडायला गेलो. सामान चढवलं, मेव्हणी आणि मुलगा पुढे गेले, आणि आम्ही दोघं ट्रॉलीच्या दोन बाजूंना उभे राहिलो. तो काही बोलेना. मी वाट बघितली नाही.

“पोचलास की फोन कर,” मी म्हटलं.

“करतो, दादा.”

‘चुकलं’ हा शब्द त्याने काढला नाही. मीही नाही. पार्किंगमधून गाडी बाहेर काढली. अंगठ्याचं नख अजून काळं होतं, आणि डाव्या पायाने क्लच दाबला की दुखत होतं.